दहा हजार चारशे सोळा पावलं

आरोग्य हीच खरी संपत्ती, असं म्हणतात. ते खरंच असावं; कारण संपत्तीसारखंच, ज्यांच्याकडे ते कमी असतं त्यांनाच त्याच्यावरची व्याख्यानं जास्त ऐकावी लागतात.

तळा तालुक्यातल्या आंबेकोंडच्या बौद्धवाडीवर हे व्याख्यान जरा उशिरा पोचलं. त्याला कारण होतं. शेवटचा दीड किलोमीटर त्यालाही चालतच यावं लागलं.

एका मोठ्या कंपनीच्या समाजसेवा विभागाने 'सुदृढ वाडी अभियान' काढलं, ते उगाच नाही, आधी रीतसर पाहणी करून. पाहणी फोनवरून झाली. वाडीतल्या चाळीस जणांना दुपारच्या वेळी फोन करून एकच प्रश्न विचारण्यात आला : "आपण या क्षणी काय करत आहात?" वाडीत मोबाइलला रेंज येते ती फक्त समाजमंदिराच्या पायरीवर. म्हणून सगळ्यांचे फोन तिथेच ओळीने ठेवलेले असतात. ज्याचा वाजेल त्याला हाक मारतात आणि तो धावत येऊन पायरीवर बसतो. तेव्हा चौतीस जणांनी "बसलोय" असं प्रामाणिकपणे सांगितलं. उरलेल्या सहांनी फोन उचलला नाही. ते झोपले असावेत, अशी नोंद आहे. (ते शेतावर होते.) अशा रीतीने वाडीतले पंच्याऐंशी टक्के लोक बैठं जीवन जगतात हे सिद्ध झालं.

हा अहवाल तळ्याच्या कार्यालयात संगणकावर उतरवला तो रचनाने. रचना त्याच वाडीची. शिकलेली, बत्तीस वर्षांची, अभियानात 'माहिती नोंद सहायक (कंत्राटी)' अशा पदावर. आठवडाभर तळ्याला खोली घेऊन राहायची आणि रविवारी आईकडे जायची. आई, म्हणजे जनी, त्या चौतिसांपैकी एक होती. लेकीचा फोन असेल म्हणून ती भरलेले हंडे वाटेत उतरवून धावत आली होती आणि धाप लागली म्हणून बसली होती. अहवालात धापेचा रकाना नव्हता. रचनाने एकदा शोधून पाहिला.

हंड्यांचा उल्लेख आलाच आहे तर वाडीच्या पाण्याबद्दल सांगायला हवं. वाडीला नळ नाही. जानेवारी सरला की वरच्या दोन्ही विहिरी तळ दाखवतात आणि मग खालच्या विहिरीवर जावं लागतं. ही विहीर एकोणीसशे त्रेसष्ट साली खणली गेली, ती वाडीपासून तेराशे दोन पावलांवर, ओढ्याच्या खोलगटात. जाऊन येऊन दोन हजार सहाशे चार. दिवसाच्या चार खेपा धरल्या तर दहा हजार चारशे सोळा. निरोगी माणसाने रोज दहा हजार पावलं चालावीत हे जगाला अलीकडे समजलं; विहिरीची जागा ठरवणाऱ्यांना ते तेव्हाच समजलेलं होतं. वरची चारशे सोळा सणासुदीसाठी असावीत.

जनीची आयुष्याकडे एकच मागणी होती. ती दर रविवारी रचनाला सांगायची.

"नल आला ना बाय, की मी काय करनार ठावं हाय? हंडा लावनार नलाखाली आनि बाजूला बसनार. पायावर पाय टाकून. हंडा भरंस्तवर नुसती बगत बसनार."

"आणि भरल्यावर?"

"भरल्यावर सांडू देनार जरासा. बगू दे की एकदा पानी वाया जाताना."

नळाचा प्रस्ताव रचनानेच लिहिला होता. तीन वर्षांत तीनदा.

अभियानाचा पहिला टप्पा आहाराचा होता. त्यासाठी मुंबईहून हेतल मॅडम आल्या. बाई मनाने चांगल्या. दीड किलोमीटर चालून आल्यावर त्यांना कुणी तरी पाणी दिलं, तर तांब्याभर पिऊन "काय गोड पाणी आहे!" म्हणाल्या. कुठून आणता, असं त्यांनी विचारलं नाही. पाणी कुठून येतं हा प्रश्न काही सगळ्यांना पडत नाही.

त्यांनी बायकांना समाजमंदिरात गोल बसवलं आणि जनीला विचारलं, "काकी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं? घाबरायचं नाय, खरंखरं बोलायचं."

जनीला वाटलं, चोरी पकडली. "नाचनीची भाकर खाल्ली," ती हळूच म्हणाली. "टाकल्याची भाजी. आनि जवल्याची चटनी. दुपारी तीच. राती..."

"रात्री?"

"राती तीच, पन कमी."

हेतल मॅडमच्या डोळ्यांत चमक आली. नाचणी, रानभाजी, सुकी मासळी, आणि रात्री हलका आहार! मुंबईत त्यांची गिऱ्हाइकं सहा-सहा महिने खटपट करून जिथवर पोचत नाहीत, तिथे ही बाई कुणाच्याही सल्ल्याशिवाय बसली होती. पण सल्ला द्यायला आलेल्या माणसाला सल्ला न देता परत जाता येत नाही. तसं प्रवासभत्त्याच्या नियमातच असतं. म्हणून त्यांनी भिंतीवर एक तक्ता लावला. पहिली ओळ होती : 'सकाळी पाच भिजवलेले बदाम.'

"पाच म्हंजे मानशी का घराला?" सखुबाईने विचारलं. सखुबाई ही जनीची शेजारीण आणि वाडीची अधिकृत शंकाकार.

"माणशी, मावशी."

"मंग एकादशी बरी," सखुबाई म्हणाली. "ती वर्सातनं चोवीसदाच येते. आनि आमाला तीबी लागू न्हाय."

बायका पदराआड हसल्या. जनीने मात्र हात वर केला. "म्याडम, चढ चढताना छातीत भरून येतं. त्याला काय खावं?"

हेतल मॅडम गंभीर झाल्या. "काकी, ते खाण्याचं काम नाय. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलं. ते म्हनाले, दगदग करू नका. जरा चालत जावा रोज."

हेतल मॅडमनी पिशवी उघडली. त्यांनी जनीला नाचणीच्या कुकीचं एक पाकीट जास्तीचं दिलं. (नाचणी याच तालुक्यातली. ती मुंबईला जाऊन, साखर आणि चॉकलेटचे कण लावून, हवाबंद होऊन माहेरी आली होती. जनीने ती ओळखली नाही.)

दुसरा टप्पा व्यायामाचा. वाडीतल्या अकरा घरांना प्रत्येकी एक, असे अकरा मनगटी पट्टे वाटण्यात आले. रबरी, हिरवेगार, पावलं मोजणारे. विहिरीच्या वाटेवर एक खांब उभा राहिला. पट्ट्यांमधले आकडे तो त्याच क्षणी तळ्याच्या कार्यालयात पाठवायचा. त्या खांबावरून फोन लागतो का, असं वाडीने विचारलं. लागत नाही, असं सांगण्यात आलं. तो फक्त पावलांसाठी आहे.

इथे वाडीची एक रीत सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. या वाडीत कुणी एकट्यापुरतं कुठे जात नाही. बाजाराला निघालेला माणूस अकरा घरांची कामं घेऊन निघतो : याचं रेशन, त्याच्या गोळ्या, तिच्या जावेला निरोप. 'तू जातोच हायस तर' हे वाडीचं अलिखित संविधान आहे. (लिखित संविधानाचं वाडीला किती मोल आहे हे वेगळं सांगायला नको, पण रोजच्या वापरात हेच जास्त येतं.) पट्टे आले तेव्हा, बांधून चालायचं आहे एवढं लोकांना कळलं. आणि चालायला तर जनी जातेच आहे.

पहिला पट्टा दिला तो तुळशीरामने. तुळशीराम दोन वर्षं बाजेवरून उठलेला नव्हता. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र दोन्ही बाजूंनी शाबूत.

"जने, तू जातेच हायस विहिरीवर, तर माजा पन फिरवून आन. बिचारा घरात बसून कंटाललाय."

मग सखुबाईचा आला; तिचे गुडघे धरले होते, ती पाण्याला दिवसातून एकदाच जायची. मग उरलेले. आठवड्याभरात जनीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत अकरा हिरवे पट्टे झाले.

"जने, हिरवा चुडा भरलास!" तुळशीराम बाजेवरून ओरडला. "पुन्ना लगीन कराय लागलीस का काय? आमाला बोलाव हो."

"तुमालाच करनार हाय," जनी डोक्यावरचा हंडा न हलवता म्हणाली. "मंडपात चालत या मात्र."

तळ्याच्या कार्यालयात, संगणकाच्या पडद्यावर, आंबेकोंडची अकरा नावं रोज अकरा सारखे आकडे दाखवू लागली. दहा हजार चारशे सोळा. दहा हजार चारशे सोळा. रचनाला पहिल्याच दिवशी सगळं समजलं. तिने तालुका समन्वयक रत्नपाल यांना सांगितलंही. रत्नपाल पालीकडचे; अभियानात येण्याआधी शिक्षक होते आणि आकड्यांवर त्यांचा विद्यार्थ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

"सर, हे अकरा जण नाहीत. ही एकटी माझी आई आहे."

रत्नपाल यांनी पडद्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा पडद्याकडे. "रचनाताई," ते मायेने म्हणाले, "तालुक्यात बाकी सगळीकडे लोक तीन हजाराच्या वर जात नाहीत. पहिल्यांदा एक वाडी वर आली आहे. आकडा बोलतो आहे ना? मग आपण मध्ये कशाला बोलायचं?"

त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं गेलं : 'आंबेकोंड बौद्धवाडीतील सर्व लाभार्थी एकाच वेळी, एकाच गतीने व एकाच दिशेने चालतात. सामूहिक शिस्तीचे असे उदाहरण विरळा. श्री. तुळशीराम यांनी शून्यापासून केलेली प्रगती विशेष उल्लेखनीय.' तुळशीरामला प्रमाणपत्र जाहीर झालं.

खरं सांगायचं तर रचनाला तो पडदा आवडू लागला होता. सकाळी कार्यालयात आल्यावर ती आधी आंबेकोंड उघडायची. आकडा दोन हजार सहाशे चार असला की समजायचं, पहाटेची खेप झाली, आई भाकऱ्या थापते आहे. दहाच्या सुमाराला आकडा हलू लागायचा : आई निघाली. थोडा थबकायचा : वडाखाली कुणीतरी भेटलं. लेकीला आईची इतकी बित्तंबातमी पूर्वी कधीच नव्हती. फोनवर जनी नेहमी "बरी हाय" एवढंच सांगायची. पट्टे जास्त बोलके होते.

मार्चमध्ये नळाचा प्रस्ताव वर सरकला, आणि आरोग्यविषयक अभिप्रायासाठी नेमका अभियानाच्या समितीकडे आला. समितीने विचार केला. विचार सरळ होता. वाडी चालते, कारण विहीर लांब आहे. नळ आला तर वाडी चालणार नाही. वाडी चालली नाही तर मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार होतील. सबब, नळ हा वाडीच्या हृदयाला धोका आहे.

अभिप्रायाचं पत्र रचनाला टाइप करायला आलं. 'प्रस्तावित नळजोडणीमुळे लाभार्थ्यांच्या दैनंदिन पावलांत ९७ टक्के घट संभवते. तरी लाभार्थ्यांच्या हिताच्या दृष्टीने प्रस्ताव तूर्त स्थगित ठेवावा.' तिने ते टाइप केलं. मसुद्यात 'हिताच्या' शब्दाची वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. या जिल्ह्यातली माणसं एकदा पाण्यासाठी महाडपर्यंत चालत गेली होती, हे तिला आठवलं. त्या वेळीही त्यांच्या तब्येतीला ते किती मानवलं असेल याचा कुणी अभ्यास केलेला नाही. मग तिने पत्राच्या तीन प्रती काढल्या.

रविवारी तिने आईला सांगितलं. जनी तांदूळ निवडत होती. ती हसायलाच लागली.

"म्हंजे मी चालते म्हून नल येत न्हाय?"

"हो."

"आनि नल न्हाय म्हून मी चालते."

"हो, आई."

"शिकलेली मानसं गं ती. आपल्याला कुटं जमलं असतं असं जुलवाय."

"आई, ऐक. पट्टे घरी ठेव. पंधरा दिवस. पाणी आण, पण पट्टे बांधू नकोस. आकडा पडला की समितीची हरकतच उरत नाही. मी प्रस्ताव पुन्हा पाठवते."

जनीने सुपातला एक खडा उचलून बाहेर फेकला. "लोकांनी इस्वासानं दिलेत, बाय. तुळशीरामदादाला पर्मानपत्र मिलनार हाय पुढल्या म्हयन्यात. मला म्हनाला, जने, बापजन्मात मला कशाचा पयला नंबर आला न्हाय. आता त्याचे पाय मी घरात ठेवू?"

"आणि तुझे पाय?"

"माजे हायत की माज्याबरोबर."

 सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसून रचनाने उरलेले तांदूळ निवडले.

प्रमाणपत्राच्या कार्यक्रमाला नऊ दिवस होते, त्या गुरुवारी सकाळी पडद्यावर सगळं रोजच्यासारखं होतं. पहाटेची खेप झालेली. दहा वाजता आकडा हलला. तीन हजार नऊशे सहाला आई विहिरीवर पोचली. थोडा वेळ गेला. हंडे भरायला जातो तेवढा. मग आकडा पुन्हा निघाला आणि तीन हजार नऊशे चव्वेचाळीसवर थांबला.

विहिरीपासून अडतीस पावलं. तिथे चढ सुरू होतो आणि एक सपाट दगड आहे.

बसली असेल, रचनाला वाटलं. बरं झालं. कधी नव्हे ती बसली.

तिने दुसऱ्या वाडीची माहिती भरायला घेतली. वीस मिनिटांनी प्रणालीने नियमाप्रमाणे आंबेकोंडच्या अकराही लाभार्थ्यांना संदेश पाठवला. पट्टा थरथरतो आणि त्यावर अक्षरं उमटतात : 'थोडं उठा, चाला!' आणखी वीस मिनिटांनी पुन्हा. त्यानंतर फोन आला तो सखुबाईचा, पायरीवरून. तिचे गुडघे धरलेले होते आणि विहिरीपासून पायरीपर्यंत तेराशे दोन पावलं असतात, म्हणून तिला वेळ लागला. वाटेतला खांब फक्त पावलांसाठी होता.

अकरा पट्टे तुळशीरामच्या सुनेने काढले. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. रत्नपाल आले होते. पांढरा सदरा घालून शेवटच्या रांगेत बसले, वंदना म्हटली आणि जेवायला न थांबता गेले. तुळशीरामने बाज अंगणात आणून ठेवायला लावली होती. तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. त्याच्या बाबतीत याची नोंद व्हायला हवी होती, पण तसा रकाना नव्हता.

रचना पंधरा दिवसांनी कामावर गेली, तेव्हा टेबलावर एक पत्र टाइप करायला ठेवलेलं होतं. ते प्रणालीने आपोआप तयार केलं होतं. 'आंबेकोंड येथील अकरा लाभार्थी दि. १७ पासून एकाच वेळी निष्क्रिय झाल्याचे आढळते. सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' तिने ते टाइप केलं. मग नवा कागद घेऊन खुलासाही टाइप केला : 'वरील अकरा लाभार्थी एकच होत्या. त्या वारल्या.'

रत्नपाल यांनी तो बराच वेळ वाचला. दोन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी त्यावर 'वस्तुस्थिती बरोबर आहे' असं लिहून सही केली. अभियानाच्या इतिहासातला हा असा एकमेव शेरा आहे.

संस्था कृतघ्न नसतात. त्या वर्षी समितीने विहिरीची वाट पेव्हर ब्लॉकनी बांधून काढली आणि तिला 'कै. जनीबाई आरोग्यपथ' असं नाव दिलं. वाडीने हरकत घेतली. हरकत एवढीच की आपल्याकडे 'कै.' म्हणत नाहीत, 'कालकथित' म्हणतात. फलक बदलून मिळाला. सखुबाई म्हणाली, "बगा, मागितलं की देतात. आपन मागायचंच चुकतो."

वाट इतकी सुरेख झाली की माणसं येऊ लागली. नागावच्या समुद्रावर बनाना राइडवरून दोन-तीनदा पडून झालं की पाहुण्यांना काहीतरी अस्सल हवं असतं. शनिवारी पहाटे तिकडून गाडी निघते. 'पाणवठा वॉक' असं त्याचं नाव आहे. पाहुण्यांच्या मनगटावर हिरवा पट्टा बांधतात, डोक्यावर चुंबळ आणि हंडा देतात. हंडा रिकामा असतो, मानेला इजा होऊ नये म्हणून. परत आल्यावर नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. पाच बदाम ऐच्छिक. अडतिसाव्या पावलावरच्या दगडाशी पुष्कळ जण फोटो काढतात. तिथे उजेड चांगला येतो.

आणि पाहुण्यांना हातपाय धुवायला पाणी लागतं. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना पाण्यासाठी खाली विहिरीवर पाठवणं बरं दिसलं नसतं. म्हणून विहिरीवर पंप बसला आणि आरोग्यपथाच्या सुरुवातीला, बौद्धवाडीच्या तोंडाशी, नळ आला. तीन महिन्यांत आला.

पहिल्या रविवारी रचना घरून आईचा हंडा घेऊन आली. नळाखाली ठेवला, तोटी सोडली आणि शेजारच्या कट्ट्यावर बसली. पायावर पाय टाकला. तिच्या मनगटावर अकरांपैकी एक पट्टा होता, जनीच्या नावाचा. हंडा हळूहळू भरत होता. पाणी काठाला आलं. पट्टा थरथरला : 'थोडं उठा, चाला!'

"भरला गं हंडा!" तुळशीराम बाजेवरून ओरडला. "सांडतंय!"

"सांडू दे जरासं, दादा," रचना म्हणाली.

ती उठली नाही.

हे सगळं वाचायला साधारण वाचकाला बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात पावलं शून्य. पण काळजी नसावी. आपल्याला खुलासा विचारणारं पत्र येणार नाही. मात्र समितीचा निष्कर्ष अजून कुणी मागे घेतलेला नाही. नळामुळे पावलांत ९७ टक्के घट होते आणि हृदयाला धोका पोचतो. शास्त्र म्हटलं की ते आंबेकोंडला एक आणि आपल्याला एक असं असू शकत नाही. तेव्हा आपल्या घरातले नळ एकदा मोजून ठेवावेत. (शॉवर धरावा. बाल्कनीतल्या कुंड्यांचाही.) आपल्या प्रकृतीची काळजी वाटून ते अजून कुणी बंद केले नाहीत, हा निव्वळ कार्यालयीन विलंब आहे.

इकडे दहा पट्टे शिल्लक आहेत, हंडेही आहेत. विहीर तेराशे दोन पावलांवर आहे, आणि जाताना सगळा उतारच आहे.